विहिणीसाठी रंगवलेला केमसेल

सुयुमकानला वाऱ्याची भीती वाटत नसे. बालिक्चीत जन्मलेल्या माणसाला ती परवडतही नाही. सरोवरावरून सुटणारा वारा इथे दोरीवरचे कपडे, डोक्यावरच्या टोप्या आणि कधीमधी छपराचे पत्रेसुद्धा आपलेच समजून घेऊन जातो. बाकी मात्र ती सगळ्याला भ्यायची. कुत्र्यांना, डॉक्टरांना, मिनीबस हाकणाऱ्या पोरांना, फोनवर अनोळखी नंबर दिसला तर त्याला, आणि दारात उभं राहून "सहज आले होते" म्हणणाऱ्या बायकांना तर सगळ्यात जास्त. खाटकाने नुसती हाडकं तोलून दिली तरी तिची जीभ उचलत नसे. मुकाट्याने घरी यायची आणि हाडकांचं सूप करायची. तिची मोठी जाऊ झूरा म्हणायची, "देवाकडे त्या दिवशी काळजं संपली होती. सशाचं एक उरलं होतं, ते हिला बसवलं."

पण त्याच बाईच्या हातात कुंचला दिला की हात कसा स्थिर! तरुणपणी ती गावच्या सांस्कृतिक भवनात नाचणाऱ्या पोरींचे कपडे सांभाळायची. भरतकामाला ना वेळ असे ना धागा, म्हणून ती रंगानेच भरतकाम करायची. पाचव्या रांगेत बसलेल्याला मखमलीवरची मेंढ्याच्या शिंगांची वेल टाक्याटाक्याने भरल्यासारखी दिसे. पुढे भवन बंद पडलं, नाचणाऱ्या पोरी परदेशी हॉटेलांत भांडी घासायला गेल्या, नवरा छातीच्या दुखण्याने गेला, आणि सुयुमकान बाजारात एका चपलांच्या दुकानाच्या पडवीत टेबल टाकून बसली. पोरांच्या विटक्या जाकिटांवर हिमबिबट्या, पोरींच्या जीनवर डोंगरातली लाल फुलं, उन्हाळ्यात पोहायला आलेल्या पाहुण्यांच्या सदऱ्यांवर उधळलेले घोडे. ॲक्रिलिकच्या डब्या, चारसहा कुंचले आणि एक जुनी इस्त्री, एवढ्यावर तिने एकुलती एक मुलगी वाढवली.

कामातही भीती होतीच. कागदावर चुकलं तर कागद चुलीत घालता येतो. कापडावर पडलेला ठिपका पडला तो पडला, आणि वर तो कुणाच्या तरी पाठीवर बसून गावभर हिंडणार. म्हणून ती कापड आधी धुऊन त्यातली खळ काढी, आत पुठ्ठा सरकवी, रंगात ते दुधासारखं औषध मिसळी म्हणजे वाळल्यावर कापड पत्र्यासारखं कडक होत नाही, एक पातळ हात देई, वाळू देई, मग दुसरा. शेवटी उलट्या बाजूने इस्त्री फिरवून रंग पक्का करी. आणि एवढं करूनही गिऱ्हाईक गेल्यावर आठवडाभर तिच्या पोटात गोळा असे, की आता धुतलं असेल, आता गेला असेल रंग, आता येईल भांडायला. फारसं कुणी कधी आलं नाही, पण त्याने गोळा काही विरघळला नाही.

या भीतीचं मूळ तिच्या स्वतःच्या लग्नात होतं. आपल्याकडे मुलीची आई विहिणीला सगळ्या बायकांच्या देखत आपल्या हाताने कपडा चढवते. तो कपडा मग त्या घरात मुलीचं नाव होऊन राहतो. सुयुमकानच्या आईने विहिणीला निळा चपान, म्हणजे लांब अंगरखा, दिला होता, दिसायला देखणा. पहिल्याच बर्फात भिजून त्याचा रंग सुटला आणि सासूबाईंची मान, कान आणि डोक्याचा पांढरा रुमाल सगळं निळं झालं. झालं! त्या दिवसापासून मरेपर्यंत म्हातारीने तो विषय सोडला नाही. "तुझ्या आईने मला निळी करून सोडली!" चहा फिक्का झाला तर, "सगळा रंग चपानातच ओतला वाटतं तुम्ही." सुयुमकानची आई वारली तेव्हा मयताला आलेल्या बायकांनाही म्हातारीने ती गोष्ट सांगितली. सुयुमकान कोपऱ्यात बसून ऐकत होती आणि तिला धड रडताही येत नव्हतं.

तर अशा बाईच्या मुलीचं, बेगिमायचं, लग्न ठरलं ते कोचकोरला. मुलगा एर्निस चांगला, शाळेत व्यायाम शिकवणारा, हसरा. पण घर सोनुनबूबूचं. लोकर लाटून केलेल्या नमद्याचे गालिचे शिवणारी ही बाई पंचक्रोशीत नावाजलेली. दुसरीच्या गालिच्यावर नुसतं बोट फिरवून टाका कुठे ढिला पडलाय ते सांगणारी. आणि तिच्या मोठ्या मुलाची बायको लग्नानंतरचा पहिला बर्फ वितळायच्या आत माहेरी निघून गेलेली. बाजारात तर सुयुमकानला ते मुद्दाम थांबवून सांगायला बायका येऊ लागल्या.

"सासूने काय केलं म्हणे?" सुयुमकान घाबरत विचारी.

"ते कोण सांगणार? पण आपणहून कुणी जातं का गं?"

पण बेगिमायला एर्निस आवडला होता, आणि मुलीच्या आवडीपुढे आईची भीती मुकाट बसली.

आता विहिणीला काय द्यायचं? झूराने एका दमात सांगून टाकलं. "बिश्केकहून मशीनवर भरलेला केमसेल आण. मखमल काळी, वेल सोनेरी, पिशवीसकट मिळतो. डोक्याला ताप नाही."

केमसेल म्हणजे आपल्या म्हाताऱ्या घालतात ते बिनबाह्यांचं जाकीट. सुयुमकानलाही तेच पटलं होतं. पण बेगिमाय मध्येच आईला म्हणाली, "अपा, विकतचा नको. तुझ्या हातचा दे. मी तिथे एकटी असेन ना, तो दिसला की बरं वाटेल मला."



सुयुमकानने काळी मखमल आणून केमसेल शिवला आणि रंगवायला घेतला. मखमलीवर रंग देणं सोपं नाही. लव एका अंगाला दाबून धरावी लागते, आणि पातळ हात दिला तर ती सगळा रंग पिऊन बसते. शिवाय ज्या घरात बोटाने टाके मोजतात त्या घरात पातळ रंग चालणार नाही, असं तिच्या मनाने घेतलं. म्हणून जन्मभर पाळलेला नियम तिने मोडला. रंग जाड दिला. कुंचल्याच्या टोकाने एकेक रेघ उभी केली, जणू रेशमाचा टाका वर आलाय. लाल शिंगं, त्यांना पांढरी किनार, पाठीवर मोठं, पुढच्या दोन्ही अंगांवर लहान. शेजारणी येऊन हात लावून बघत आणि "अगंबाई, रंग आहे हा?" म्हणत. सुयुमकानला आयुष्यात पहिल्यांदाच थोडा गर्व झाला. हिवाळ्यात विजेचा जोर कमी असल्याने इस्त्री जेमतेम कोमट होत होती, तेवढं एक मनात खुपत राहिलं. जाड रंग वरून वाळतो पण आतून बरेच दिवस ओलसर राहतो, हे तिला ठाऊक होतं. म्हणून तिने केमसेलची घडी केली नाही. त्यावर तेलकट कागद पसरला, सैलसर गुंडाळी केली, वरून स्वच्छ कापड बांधलं आणि मुलीच्या पेटीत अगदी वर ठेवली. झूराला बजावून सांगितलं, "जाऊबाई, याला काही करू नका हं. आहे तसाच असू दे."

झूरा तेव्हा रजया मोजत होती. "हो गं हो," म्हणाली.

एर्निसकडची माणसं आली, जेवली, गायली, बेगिमायला आणि पेटीला घेऊन गेली. घर एकदम रिकामं झालं. कोचकोरला बायकांसमोर पेटी उघडायचा दिवस तीन दिवसांवर होता. त्या दिवशी सुयुमकानने जायचं, पेटीतले कपडे काढून दाखवायला झूराने बरोबर जायचं, त्याआधी नाही. मुलीच्या सासरच्या दारात बोलावल्याशिवाय आईने पाय ठेवायचा नसतो, आणि तो एक दिवस झाला की पुढचं बोलावणं कधी येईल ते विहिणीच्या मर्जीवर. दुसऱ्या दिवशी दुपारी झूरा उरलेले बोर्सोक संपवायला आली. दोघी जावा चहा घेऊन बसल्या. झूराने तळलेल्या पावाचा तुकडा सायीत बुडवला आणि सहज म्हणाली, "बरी आठवण झाली. अगं, तुला काही अक्कल आहे की नाही? नवरीच्या पेटीत कुणी गुंडाळी ठेवतं का?"

"म्हणजे?"

"म्हणजे काय! मढं नमद्यात गुंडाळून नेतात तशी ती गुंडाळी, पांढऱ्या कापडात बांधलेली! पेटी उघडली आणि माझ्या छातीत धस्सच झालं. म्हटलं, त्या बायकांनी हे पाहिलं तर पोरीला पहिल्याच दिवशी अपशकुनी ठरवतील. सोडली मी ती."

सुयुमकानच्या हातातली चहाची वाटी तशीच राहिली. "सोडली आणि काय केलं?"

"छान घडी घातली. चांगली बाजू आत, म्हणजे कुणाची नजर नको लागायला. तो कागदही काढून टाकला, तेलकट घाणेरडा. आणि तळाशी ठेवला. वर सगळे कपडे. पेटीवर रजयांची चळत रचली असेल त्यांनी, मस्त दाबून बसेल. इस्त्रीच नको." झूराने तिच्याकडे पाहिलं. "अगं काय झालं? पांढरी का पडलीस?"

चूक कुणाची म्हणायची? झूराने जे केलं ते आपल्यातली कुठलीही शहाणी बाई करील. चांगला कपडा उलटा घडी घालावा, नवरीच्या पेटीत गुंडाळी नसावी, पेटीवर रजया छतापर्यंत रचाव्यात. फक्त तो कपडा धाग्याचा असता तर. इथे रंगावर रंग, जाड, आतून ओला, वर माणसाच्या उंचीइतक्या रजया, आणि पेटी ठेवायची जागा सगळ्या घरांत एकच, उबदार खोलीत, चुलीच्या भिंतीला लागून. सुयुमकानला ते सगळं डोळ्यांपुढे दिसू लागलं. लाल शिंगं लाल शिंगांना चिकटलेली. झूरा सगळ्यांसमोर केमसेल उचलते, झटकते, तो उघडतच नाही. मग ती ओढते.

"चिकटला असेल," ती कशीबशी म्हणाली. "फाटून येईल रंग."

"कपडा कपड्याला चिकटतो होय? काहीतरीच तुझं!" झूरा हसली. मग सुयुमकानचा चेहरा बघून तिचं हसू मावळलं. "खरंच?"

सुयुमकानने आधी मुलीला फोन लावला. बेगिमाय सासरी पडद्यामागे नवरीच्या जागेवर बसलेली होती, कुजबुजत बोलली.

"अपा, सगळे चहाला बसलेत. काय गं?"

"बाळा, पेटी उघडता येईल का तुला? नुसता एक कपडा बाहेर काढायचाय."

"पेटी?" बेगिमायचा आवाज आणखी खाली गेला. "अपा, नवी नवरी दुसऱ्या दिवशी आपली पेटी उपसायला लागली तर काय म्हणतील? मोठ्या सुनेने म्हणे असंच एके दिवशी पेटी उघडली आणि निघाली. इथे त्या पेटीकडे बघितलं तरी सासूबाई माझ्याकडे बघतात."

"रागावतात का गं तुला?"

"नाही. बोलतच नाहीत. नुसत्या बघतात." मग घाईघाईने, "ठेवते, कुणी आलं."

नुसत्या बघतात! बोलणाऱ्या सासूचं दुःख तिने भोगलं होतं, न बोलणारी कशी असते ते तिला ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नसलेल्याची तिला दुप्पट भीती. तिच्या कानात म्हातारीचा आवाज घुमू लागला, फक्त आता तो बेगिमायला बोलत होता. तुझ्या आईने मला फाटका रंग पांघरवला. जन्मभर. चहा देताना, पीठ मळताना, मूल झाल्यावर, आई मेल्यावर.

त्या दिवशी ती जेवली नाही. सकाळी उठल्यावर मात्र तिने एक केलं. मखमलीचे उरलेले तुकडे होते, रंग जमतोय का बघायला तिने केमसेलच्याच वेळी, तसेच जाड रंगवलेले. दोन तुकड्यांच्या तशाच उलट्या घड्या घातल्या, चुलीशेजारी ठेवल्या, वर पाट आणि पाटावर दगड. दुपारी पहिला उघडला. आधी उघडेचना. जोर लावला तशी जखमेवरची पट्टी ओढावी तसा आवाज झाला आणि एका बाजूचं शिंग सोलून दुसऱ्या बाजूला गेलं. खाली मखमल टक्कल पडल्यासारखी. सुयुमकान तोंडावर हात दाबून बसली. बराच वेळ तिला दुसऱ्याला हात लावायचा धीर होईना. मग ते बघायला नको म्हणून तिने तो दुसरा तुकडा उचलला आणि दाराबाहेर बर्फात भिरकावून दिला.

चुलीसाठी कोळसा आणायला गेली तेव्हा तो पायाखाली आला. लाकडासारखा कडक झाला होता. तिने उचलला, कडेला नख घातलं, आणि तो टक्कन उघडला. थोडासा रंग गेला होता, एका टोकाचा. बाकी शिंग जागच्या जागी. गोठलेला रंग चिकटेनासा होतो, हे कुंचला इतकी वर्षं हाती धरूनही तिने कधी पाहिलं नव्हतं. तिने तो तुकडा छातीशी धरला. पण लगेच दुसरी भीती आलीच. केमसेल गोठवायचा तर आधी तो हातात यायला हवा. आणि पेटी तर झूरा उघडणार, भर खोलीत, सगळ्यांसमोर. तेव्हा कुणीतरी बोलायला हवं. आणि ते कुणीतरी म्हणजे कोण?

कोचकोरच्या वाटेवर गाडीत झूरा तिचा हात धरून बसली होती. "मी सांगते त्यांना," ती म्हणाली. "माझी चूक आहे."

"तुम्ही सांगितलं तर म्हणतील, आईला तोंड नाही," सुयुमकान म्हणाली. आणि मग धरणाच्या पाण्याकडे बघत, "तोंड नाहीच आहे मला."

सोनुनबूबूच्या घरी खोली बायकांनी गच्च भरली होती. भिंतीला लागून रजयांची चळत, तिच्याखाली पेटी, आणि तिच्यामागे चूल रसरसून पेटलेली. सुयुमकानने आधी चूलच पाहिली, मग मुलीला. बेगिमाय पडद्याबाहेर येऊन वाकून वाकून सगळ्यांना नमस्कार करत होती, पांढऱ्या रुमालात चेहरा अर्धा झाकलेला. सोनुनबूबू मधोमध बसली होती. उंच, हाडापेराने मोठी, हात मांडीवर, एक शब्द नाही. नुसती बघत होती.

रजया उतरल्या. पेटी उघडली. झूराने एकेक कपडा काढून वर धरला, बायका बोटांनी चाचपू लागल्या, "हे भरलंय कुणी?", "कापड बरं आहे हो", "या रजईत लोकर आहे की नुसतीच हवा?" हशा पिकत होता. सुयुमकानला त्यातलं काही ऐकू येत नव्हतं. पेटीचा तळ जवळ येत होता आणि तिने दोन्ही हात बगलेत घट्ट दाबून धरले होते, इतके की शेजारच्या बाईने विचारलं, "थंडी वाजते का?"

झूराने वाकून तळाशी हात घातला. केमसेल बाहेर आला, काळा, घट्ट, पाटीसारखा. झूरा थांबली. तिने सुयुमकानकडे पाहिलं. खोलीतल्या सगळ्यांनी तेच केलं.

"उघड ना गं!" कुणीतरी म्हणालं. "काय लपवताय?"

एका थोराड बाईने हात पुढे केला आणि केमसेलचं एक टोक धरलं.

"हात लावू नका!"

हे कोण ओरडलं ते सुयुमकानला क्षणभर कळलंच नाही. मग सगळे तिच्याकडे बघताहेत म्हटल्यावर कळलं. पडद्याशी उभ्या बेगिमायने वर पाहिलं, तिचे डोळे भरून आले होते. सुयुमकान उठली. बायकांच्या गुडघ्यांमधून वाट काढत गेली, झूराच्या हातातून केमसेल घेतला आणि सोनुनबूबूपुढे उभी राहिली.

"विहीणबाई, हे भरतकाम नाही. रंग आहे. मी रंगवलाय. जाड दिला, माझी हौस. तो एकमेकांना चिकटलाय. इथे उघडला तर फाटेल. मला बाहेर थंडीत जाऊ द्या थोडा वेळ. मग आणते. मुलीला याबद्दल काही बोलू नका, तिला यातलं काही माहीत नाही. बोलायचं ते मला बोला."

चुलीतला कोळसा तडकला. एक बाई दुसरीच्या कानाला लागली. सुयुमकान तशीच दाराबाहेर गेली.

अंगणात बर्फ होता आणि उन्हात थंडी लखलखत होती. तिने केमसेल दोन्ही हातांवर आडवा धरला आणि उभी राहिली. खिडकीच्या काचेला बायकांची नाकं चिकटली होती, तिकडे तिने पाठ केली. आता संपलं, तिला वाटलं. बेगिमायचं या घरात जे काही व्हायचं होतं ते मी माझ्या हाताने केलं. माझ्या आईने निदान नकळत केलं होतं. बोटं बधिर झाली, पण तिने हात खाली घेतले नाहीत.

मागे पावलांचा आवाज आला. सोनुनबूबू, अंगावर कोट नाही, पायात एर्निसचे मोठे बूट. ती येऊन शेजारी उभी राहिली.

"झाला असेल का?" सोनुनबूबूने विचारलं.

सुयुमकानने कडेला नख घातलं. कडक होता. "तुम्ही तुमची बाजू धरा," ती म्हणाली, "हळू."

दोघींनी एकेक बाजू धरली. टक्, टक्, एकेक शिंग सुटू लागलं. मध्यावर पाठीच्या मोठ्या शिंगाचं टोक मात्र निघालं नाही, ते दुसऱ्या बाजूला चिकटून गेलं आणि तिथे मखमल उघडी पडली, अंगठ्याएवढी. सुयुमकानने डोळे मिटले. सोनुनबूबूचं ते टाके मोजणारं बोट त्या जागेवर फिरताना तिला न बघताही कळलं.

"माझी मोठी सून गेली ते ऐकलंच असेल तुम्ही," सोनुनबूबू म्हणाली.

सुयुमकानने मान हलवली.

"तिच्या आईने मला चपान दिला होता. असलं देखणं भरतकाम मी जन्मात पाहिलं नाही. म्हटलं, हा असा गोठ्यात घालून जायचा नाही. जपून ठेवला पेटीत. एकदाही अंगाला लावला नाही. पोर जायला निघाली तेव्हा मी विचारलं, काय कमी पडलं गं तुला? तर म्हणाली, माझ्या आईचा कपडा तुम्हाला अंगावर घ्यावासासुद्धा वाटला नाही." तिचा खालचा ओठ थरथरत होता, आणि तो थंडीने नाही हे सुयुमकानला कळलं. भीती ओळखण्यात तिचा हात कोण धरणार? "मला बोलता येत नाही, विहीणबाई. तुमची पोर आल्यापासून मी नुसती बघत बसते, की ही पेटीकडे कधी जाते."

सोनुनबूबूने पाठ फिरवली आणि दोन्ही हात मागे केले.

"घाला."

"इथे? आत, सगळ्यांसमोर..."

"काचेतून दिसतंय त्यांना. घाला, मी गारठले."

सुयुमकानने केमसेल तिच्या अंगावर चढवला. बोटांना जाणीव नव्हती, बटणं लागत नव्हती, ती सोनुनबूबूनेच लावली. मग ती ताठ उभी राहिली आणि खिडकीकडे तोंड करून वळली.

"हा मी रोज घालणार आहे," ती म्हणाली. "दूध काढताना, नमदा लाटताना, सगळीकडे."

"रोज?" सुयुमकान तिच्यापुढे येऊन उभी राहिली. "अहो, रोज नको! मळेल, मग धुवावा लागेल. गरम पाणी चालत नाही याला, घासायचं नाही, पिळायचं तर मुळीच नाही, उलटा करून नुसता..."

"ते मला जमायचं नाही. मळला की मी कळवीन, तुम्ही येऊन धुवा." सोनुनबूबू दाराकडे चालू लागली. "आणि चार दिवस राहायच्या तयारीने या. मखमल लवकर वाळत नाही."